पाचवं कलम

पिपरटोला, ता. सिंदेवाही
दि. २८ ऑक्टोबर १९८९

प्रिय डोमा,
जयभीम.

काम निघालं म्हणून लिहीत आहे.

पुढच्या महिन्यात लोकसभेची निवडणूक आहे. प्रचाराच्या भिंतींबद्दल प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपले नियम ठरवून नोटीस लावावी, असं तालुक्याहून पत्र आलं आहे. आपल्या पंचायतीचा जुना ठराव आहेच. शाळा, विहार, देऊळ, सरकारी विहीर यांवर काही लिहायचं नाही आणि खासगी घरावर लिहायचं तर घरमालकाची लेखी संमती पाहिजे. तोच ठराव मी पुन्हा नकलून काढणार आहे.

परवा प्रचाराची जीप आली. आपल्या शेजारचा पोचू आता त्यांच्यासोबत फिरतो. त्यांना आपल्या घराची बाजाररस्त्याकडची भिंत पाहिजे. रंगाचे डबे उतरवून ते भिंतीजवळ उभेच होते. मी पंचायतीतून घरी जेवायला आलो तेव्हा दिसले.

पोचू म्हणाला, "बाबू, वरून परवानगी आनली हाय."

मी म्हटलं, "वरून आनली असन. भिंतीची आनली का?"

"भिंत तं तुमचीच हाय ना जी. लिवा एक चिठ्ठी अन् व्हा मोकळे."

मी विचारून सांगतो म्हणालो. त्यांनी डबे परत जीपमध्ये ठेवले.

घरांच्या रजिस्टरात या घरावर लहानूजींच्या मागे दोन नावं लागलेली आहेत, तुझी बहीण आशा हिचं आणि तुझं. आशा आता नाही. तेव्हा संमती द्यायची की नाही हे तुझ्याकडे येतं. सोबत उत्तरासाठी जोडकार्ड पाठवत आहे. त्यावर हो किंवा नाही एवढं लिहून सही करून टाकावी.

त्या दिवशी मसनवटीत तू दूर उभा होतास ते मी पाहिलं. तिथूनच परस्पर बसला गेलास, असं नंतर बायनाबाईनं सांगितलं. माझी काही तक्रार नाही. गोंडपिपरीहून इतक्या लांब आलास, हे लोकांनी पाहिलं.

आशाला जाऊन दोन महिने झाले. दिवाळी उद्यावर आली, पण यंदा पांढऱ्या मातीनं घर पोतलं नाही. पोतणारं कोणी नाही.

घरच्यांना जयभीम सांगावा.

तुझा,
मुखरू


पिपरटोला
दि. ९ नोव्हेंबर १९८९

प्रिय डोमा,
जयभीम.

तुझं पाकीट मिळालं. जोडकार्डावर तू लिहिलंस, "भिंतीवर कोनाचंही लिवा, मले काय." ही संमती होत नाही. संमतीत स्पष्ट हो लागतं. मी पोचूला संमती आली नाही असं सांगितलं. तो म्हणाला, "बाबू, दुनियेत हे एकच भिंत राह्यली का?" आणि त्यांनी पुढच्या चौकातली पानठेल्यामागची भिंत घेतली. म्हणजे तो विषय संपला.

पण पाकिटात दुसरा कागदही होता. या घरावरचं तुझं नाव कमी करावं, तुझा काही हक्क नाही, पुढे फक्त माझं नाव लावावं, असा तुझा अर्ज. सही आहे, तारीख आहे. दोन साक्षीदारांच्या सह्यासुद्धा आहेत. अर्जात काही चूक काढायला जागा नाही. तू असा नीट अर्ज लिहिशील असं वाटलं नव्हतं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, पाटी रंगवल्यासारखं.

असे अर्ज मासिक सभेत ठेवावे लागतात. निवडणुकीमुळे या महिन्याची सभा ३० तारखेला आहे. सभेनं मंजूर केलं की मी रजिस्टरात तुझं नाव खोडीन. मग ते परत लावणं कठीण जातं. म्हणून म्हणतो, तीस तारखेपर्यंत विचार कर. ते तुझ्या बापाचं घर आहे. लहानूजींनी त्याच्या विटा स्वतः पाडल्या. मी लग्न करून, पंचायतीतली नोकरी लागल्यावर इथे राहायला आलो.

रागाच्या भरात नाव काढत असशील तर एक गोष्ट लिहितो. चौऱ्याऐंशीच्या पंचायत निवडणुकीत तू उभा होतास आणि तुझी कंदील निशाणी या भिंतीवर तू स्वतः काढली होतीस. ती पुसली गेली, तू सात मतांनी पडलास आणि बिऱ्हाड घेऊन निघून गेलास. त्याबद्दल आशाला दोष देऊ नये. तेव्हा तसा नियमच होता. पंचायतीच्या कर्मचाऱ्याच्या राहत्या घरावर निशाणी चालत नव्हती. ठरावाचं पाचवं कलम होतं. तिनं जे केलं ते माझ्या नोकरीसाठी केलं.

गेलेल्या माणसावर राग ठेवू नये असं मला वाटतं.

इथे धान कापणीला आलं आहे. थंडी पडू लागली.

तुझा,
मुखरू


पिपरटोला
दि. १६ नोव्हेंबर १९८९

प्रिय डोमा,
जयभीम.

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. येण्याआधीच हे लिहितो, कारण त्या पत्रात मी खोटं लिहिलं.

सोमवारी नोटीस काढायला मी जुनं ठरावाचं बुक कपाटातून काढलं. नकलून झाल्यावर पोचू आणि आणखी दोघं ओसरीत बसले होते, त्यांना वाचून दाखवलं. पहिलं कलम, सार्वजनिक जागेवर मनाई. दुसरं, घरमालकाची लेखी संमती. तिसरं, लावलेली निशाणी मतदान होईपर्यंत दुसऱ्या कोणी पुसू नये, पुसल्यास पंचायत कारवाई करील. चौथं, निकालानंतर आठ दिवसांत ज्यानं त्यानं पुसून द्यावी. मी थांबलो.

पोचू म्हणाला, "बस, चारच?"

मी म्हटलं, "चारच."

ठरावात पाचवं कलम नाही. कधीच नव्हतं. ठराव माझ्याच अक्षरात आहे, तेव्हा मला हे पाहून समजलं असं मी म्हणू शकत नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं. पण गेली पाच वर्षं ते कलम मी मनात इतक्या वेळा म्हटलं की तुला लिहिताना हात अडला नाही.

आता जे झालं ते क्रमानं लिहितो.

तू कंदील काढलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सरपंच गुणवंतरावांनी मला आपल्या खुर्चीजवळ बोलावलं. चारचौघं बसले होते. ते म्हणाले, "काऊन बाबू, तुमच्या घरी कंदील लागला म्हन्ते? आमच्या पंचायतीत अंधार पडून राह्यला का?" सगळे हसले. मीही हसलो. मग ते हळू म्हणाले, "तुमची कायम होण्याची फाइल माह्याच टेबलावर हाय. भिंतीकडं पाहा जरा." त्यांनी एवढंच म्हटलं. पुसा असं ते म्हणाले नाहीत.

मे महिना होता. तू पलीकडच्या टोलीवर, त्या वस्तीत, प्रचाराला मुक्कामी होतास, बायकोमुलं तुझ्या सासरी. आशा पहाटेच तेंदूपत्त्याला जंगलात गेली होती. पंचायतीच्या कार्यालयाला लावून उरलेला चुना बादलीत होता. मी कुंची घेतली आणि कंदील पुसला. दोन हात मारावे लागले. काचेतली पिवळी जोत पहिल्या हातात झाकली जात नव्हती.

आशा अकराच्या सुमारास पानांचा भारा घेऊन आली. भारा तिनं खाली टाकला नाही, डोक्यावर तसाच ठेवून भिंतीकडे पाहत राहिली.

"कोनं केलं?"

मी म्हटलं, "मीनं. नियम हाय. पंचायतीच्या मानसाच्या घरावर निशानी चालत नाई. पाचवं कलम."

"डोम्याले मालूम हाय?"

"सांगीन."

ती पानं निवडायला बसली. संध्याकाळी तिनं घमेल्यात पांढरी माती कालवली आणि मी चुना मारलेली भिंत वरून पोतायला घेतली. मी म्हटलं, आता कशाला, पांढरी तर झाली. ती म्हणाली, "तुमी कुंचीनं मारलं. उभं उभं दिसते. मानसाचा हात दिसते."

तेव्हा मला वाटलं, तिला ते वाईट दिसत असेल. आपल्याकडे घर बाया पोततात, हातानं, आणि बोटांचे अर्धे गोल भिंतीवर उठतात. तिनं ती सबंध भिंत, हात पोचेल तिथपर्यंत, अशी गोल गोल पोतून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास. ती दारात बसली होती. मी आत माठाजवळ उभा होतो.

तू म्हणालास, "बाई, कंदील कोनं पुसला?"

ती म्हणाली, "मीनं पोतलं."

"तुनं? काऊन?"

"भिंत खराब दिसून राह्यली होती."

"अवं, चार दिस थांबली असती! मतदान तं होऊ द्याचं होतं."

"मले नाई जमलं."

तू भिंतीला हात लावलास. ती वाळली होती, तरी माती तुझ्या तळव्याला लागली. तू पेंटर आहेस, डोमा. चुना आणि माती तुला अंधारातही ओळखता येते. पण तुला माती दिसली, बोटांचे गोल दिसले, आणि तू विश्वास ठेवलास. ते दिसावं म्हणूनच तिनं पोतलं होतं. तू म्हणालास, "बाई, तुनं भावाचं नाव पुसलं." ती खाली पाहत राहिली.

मी माठाजवळून हललो नाही. माझ्या नखांत चुना होता.

पुसणारा मी होतो असं ती म्हणाली असती तर तू त्याच पावली पंचायतीत गेला असतास. तिसऱ्या कलमाखाली माझ्यावर कारवाई झाली असती आणि गुणवंतरावांनी मला ओळखसुद्धा दाखवली नसती. हे तिनं भारा डोक्यावर असताना कधीतरी ठरवलं असावं.

तुझ्या तोंडचं ते वाक्य गावात राहिलं. विहिरीवर, रोवणीच्या बांधावर, कुठेही. भावाचं नाव पुसनारी. एकदा तिच्यासमोर कोणी म्हणालं तेव्हा मी जवळच होतो. तिनं पदर सारखा केला आणि पाणी भरलं. घरी आल्यावर मी म्हटलं, डोमाला आपण लिहू या का? ती म्हणाली, "आता काय लिवता? नियम होता ना." ती चौथी शिकलेली होती. त्या निवडणुकीत मी लावलेली चार कलमांची नोटीस विहिरीजवळच्या फळ्यावर पावसाळा संपेपर्यंत चिकटलेली होती. आशा तिथून दिवसातून दोनदा पाणी आणायची. हे मला या सोमवारी, बुक बंद करताना सुचलं. त्याआधी का सुचलं नाही, ते सांगता येत नाही.

दुसरंही लिहून टाकतो. आशा चंद्रपूरला दवाखान्यात होती तेव्हा डॉक्टरांनी जवळच्यांना बोलवा म्हणून सांगितलं. मी तुला तार दुसऱ्या दिवशी केली. पोस्टऑफिस दवाखान्याच्या समोरच होतं. तुम्ही दोघं बोलाल याची मला भीती वाटली. तार तुला मिळाली तोवर ती गेली होती.

शेवटच्या दिवसांत तिनं तुझं नाव घेतलं, असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. पण तिनं घेतलं नाही. ताप फार होता. ती शेळीला पाणी पाजलं का एवढंच विचारत होती.

तुझा अर्ज या पत्रासोबत परत पाठवत आहे. आवक रजिस्टरात मी त्याची नोंद केलेली नाही. हे वाचूनही तुला नाव काढायचं असेल तर अर्ज परत पाठव, मी सभेत ठेवीन. पण खोट्यावर विसंबून तू बापाचं घर सोडावंस आणि ते मला मिळावं, एवढं मला करता येणार नाही. हे फार उशिरा करता येईनासं झालं, ते मला कळतं.

मुखरू


पिपरटोला
दि. २ डिसेंबर १९८९

प्रिय डोमा,
जयभीम.

तुझं पत्र नाही, अर्जही परत आला नाही. तरी तीस तारखेला काय झालं ते तुला कळवणं माझं काम आहे.

मतदान शांततेत झालं. आपली भिंत रिकामीच राहिली. सभेत चार विषय झाल्यावर आयत्या वेळचा विषय म्हणून मी उभा राहिलो. मी सभेत कधी उभा राहत नाही, बसून लिहितो. गुणवंतरावांना वाटलं मला रजा पाहिजे.

मी सांगितलं की चौऱ्याऐंशी साली माझ्या राहत्या घरावरची डोमा यांची कंदील निशाणी मतदानाआधी मी पुसली. ती माझ्या पत्नीनं पुसली नाही. तिसऱ्या कलमाचा भंग झाला, त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी.

गुणवंतराव म्हणाले, "अजी बाबू, पाच सालं झाले. मेल्या म्हशीचं दूध काहाले काढता? कोन इचारून राह्यलं तुमाले?"

मी म्हटलं, "ज्याचं नाव पुसलं, तो."

"तो तं गोंडपिपरीले बसला हाय."

बायनाबाई आता सदस्य आहे, तुला माहीत नसेल. ती सहसा घरी जायची घाई करते. ती म्हणाली, "तो तिथी बसला, पन आशी तं इथीच होती ना? पाच सालं आमीच तिले बोललो. मीबी बोलली, खोटं काहाले सांगू. लिवा बाबू. ठळक लिवा."

गुणवंतराव म्हणाले, "अन् कोनाच्या सांगन्यावरून पुसला, थेबी लिवता का?"

मी म्हटलं, "तुमी सांगितलं नव्हतं. भिंतीकडं पाहा म्हनले होते. कुंची माह्या हातात होती."

ते "लिवा" म्हणाले आणि पुढचा विषय विचारला. पुढचा विषय नव्हता.

मी खाली बसून लिहिलं. इतिवृत्त सभेत वाचून दाखवावं लागतं, तेही वाचलं. कारवाई म्हणून मला लेखी ताकीद द्यावी असं ठरलं. ताकीदपत्र मलाच तयार करायचं होतं. मी केलं, त्यांनी सही केली, मी पोच दिली.

सभा सुटल्यावर बायनाबाई पायरीवर थांबली होती. म्हणाली, "तुमी मोठे चुप मानूस, बाबू. चुप मानसाले लोक चांगला समजते." मग विचारलं, "जेवले का?" मी नाही म्हटलं. तिनं घरून भाकर आणि वांग्याची भाजी पाठवली.

इतिवृत्ताची नक्कल सोबत जोडली आहे. शिक्का आहे. गोंडपिपरीत कोणी तुझ्याजवळ तुझ्या बहिणीबद्दल काही म्हटलं तर दाखवता येईल.

काल घरांचं रजिस्टर घेतलं. मयत मालकांची नावं डिसेंबरात कमी करावी लागतात. जुन्या नावावर लाल शाईनं आडवी रेघ मारायची आणि बाजूला तारीख घालायची. हे मी पुष्कळांचं केलं आहे. पंचायतीत लिहिणारा मी एकटाच, म्हणून आशाचंही मलाच करावं लागलं. रेघ बारीक मारली आहे. खालचं नाव वाचता येतं.

तिच्या जागी वारस म्हणून माझं नाव लावायचा अर्ज मी केला नाही आणि करणारही नाही. त्यामुळे कालपासून त्या घरावर एकच नाव आहे, डोमा लहानू रामटेके. मी राहतो ते घर तुझं आहे. मला तिथे राहू द्यायचं की नाही, याबद्दल तुझी संमती पाहिजे.

लेखी कळव. येऊन तोंडी सांगितलंस तरी चालेल.

मुखरू